निशाच्या कार्डावरचा चौथा चौकोन

धायरीच्या एका शाळेत जिन्याखाली एक वजनकाटा उभा आहे. हिरवा, रंगाचे पोपडे उडालेला. मित्रांनो, तो मीच. माझ्या काचेला तडा गेला आहे, पण आतला काटा अजून बरोबर आकड्यावर थांबतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरोबर असूनही माझा एका मुलीला काही उपयोग झाला नाही, तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म भोसरीच्या एका लहान कारखान्यात झाला. ज्याने माझी स्प्रिंग बसवली तो कामगार स्वतःच माझ्यावर पहिला उभा राहिला आणि आकडा बघून हसला. तिथून मी शनिवार पेठेतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर पेशंटला म्हणायचे, "माझं एक वेळ चुकेल, याचं नाही." मला फार अभिमान वाटायचा. दवाखाना बंद झाला तेव्हा डॉक्टरांनी मला या शाळेला देऊन टाकलं.

मी आलो तेव्हा शाळेच्या मागे ज्वारी होती. पाहता पाहता शेतं विकली गेली आणि सहा-सहा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. सकाळी कोपऱ्यावर हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बस थांबू लागल्या. गावातल्या मुलांशेजारी आता नव्या इमारतींमधली मुलंही वर्गात बसू लागली.

वर्षातून चार वेळा मुलांचं वजन व्हायचं. तिसरीच्या प्रेमलाबाई खुर्चीवर बसून प्रत्येकाच्या कार्डावर आकडा लिहायच्या. कार्डावर चार चौकोन होते, जून, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल. मुलांना एकेक करून माझ्यावर उभं करायचं काम शाळेच्या सुंदरामावशींचं. सगळे गेले की मावशी स्वतः माझ्यावर चढायच्या आणि म्हणायच्या, "पंचावन्न. जरा म्हणून हलत नाही मेलं." मग फडक्याने माझी काच पुसायच्या.

त्या वर्षी जूनमध्ये निशा शाळेत आली. आठ वर्षांची, दोन वेण्या. तिचे वडील मोठ्या कंपनीत होते. त्यांनी शाळेला एक संगणक दिला होता. तो हेडसरांच्या खोलीत निळं कापड पांघरून बसलेला असे. निशा माझ्यावर उडी मारूनच चढली. तेवीस किलो. बाईंनी पहिल्या चौकोनात तेवीस लिहिलं.

ऑक्टोबरच्या उकाड्यात ती पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून आली. मावशींनी नेहमीप्रमाणे दंडाला धरून तिला वर घ्यायला हात पुढे केला, तर ती एकदम मागे सरली आणि तिने डोकं दोन्ही हातांनी झाकलं.

"अगं, मी काय मारतेय होय तुला?" मावशी म्हणाल्या.

निशा हळूच चढली. साडेएकवीस.

"मावशी, कमी भरलं तर घरी सांगतात का?" तिने विचारलं.

"का गं?"

"असंच."

ती उतरताना बाही वर सरकली. मनगटाच्या वर चार काळेनिळे वळ होते, एकाशेजारी एक. मावशींनी विचारलं तर म्हणाली, जिन्यावरून पडले. आठ दिवसांनी विचारलं तर म्हणाली, सायकलवरून पडले. तिच्याकडे सायकल नव्हती. दुपारच्या खिचडीत ती दोनदा वाढून घ्यायची आणि उरलेली कंपासपेटीत भरायची. मी जिन्याखाली असल्यामुळे मला हे दिसायचं. चाचणीत मार्क कमी पडले की रात्रीचं जेवण बंद, हे तिने एकदा मैत्रिणीला माझ्याशेजारी बसूनच सांगितलं होतं. मैत्रिणीला वाटलं, ती गंमत करतेय.

मावशी बाईंकडे गेल्या. "बाई, त्या निशाचं जरा बघा हो. पोरगी वाळत चाललीय. हातावर वळ हायेत."

"मावशी, चांगल्या घरातली आहे ती. खायला काय कमी आहे त्यांच्याकडे?"

"घर चांगलं हाय, पर पोर भेदरलेली हाय."

"बरं, बघते," बाई म्हणाल्या. त्या मनाने वाईट नव्हत्या. त्यांच्या वर्गात चोपन्न मुलं होती, आणि संगणक देणारा माणूस स्वतःच्या मुलीला उपाशी ठेवेल हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं.

जानेवारीत निशा माझ्यावर चढली तेव्हा तिची पावलं मला हलकी लागली, आणि आकडा मात्र वीसवर गेला. मला कारण कळलं. तिच्या फ्रॉकच्या खिशांत दगड होते. वजन कमी भरलं म्हणून घरी चिठ्ठी जाऊ नये, यासाठी तिने ते मैदानातून वेचून आणले होते. मित्रांनो, माझ्यावर जे काही ठेवाल ते सगळं मी मोजतो. त्यातलं लेकरू किती आणि दगड किती, हे मला वेगळं सांगता येत नाही. आयुष्यात त्या एकाच दिवशी मी खोटा आकडा दाखवला. जाताना तिने दगड माझ्यामागे झाडूच्या कोपऱ्यात ठेवून दिले.

तरीसुद्धा आकडा उतरलेलाच होता. बाईंनी कार्ड जवळ धरून पाहिलं. तेवीस, साडेएकवीस, वीस. मी मनात म्हणालो, आता कळेल.

बाई म्हणाल्या, "हा काटा बिघडलाय."

"अहो बाई, मी आताच चढले होते. पंचावन्नच भरले की," मावशी म्हणाल्या. "माझ्यापुरता बरोबर आणि तिच्यापुरता बिघडला?"

"जुना झालाय तो. दुरुस्तीला टाकू, मग तिचं परत करू."

दुसऱ्या दिवशी मावशी मला बसमध्ये मांडीवर घेऊन शनिवार पेठेत गेल्या. तिथे काटे दुरुस्त करणाऱ्या तात्यारावांचं दुकान होतं.

"लवकर बघा हो, एका पोरीचा प्रश्न हाय."

"इथे काटे दुरुस्त होतात, पोरी नाही," तात्याराव चष्म्यातून बघत म्हणाले. "ठेवून जा. घाई असेल तर दुसरं दुकान शोधा."

तीन आठवडे मी फळीवर बसून होतो. माझ्या एका बाजूला भाजीवाल्याचा तराजू, दुसऱ्या बाजूला रद्दीवाल्याचा. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. विसाव्या दिवशी तात्यारावांनी माझ्यावर वीस किलोची मापं ठेवली. मी वीस दाखवले. त्यांनी मापं काढली, परत ठेवली. परत वीस. दहा मिनिटांचं काम होतं. त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्या दांड्याला बांधली: 'काट्यात दोष नाही. वापरणाऱ्याने नीट वाचावे.'

मी शाळेत परत आलो तेव्हा निशा चार दिवस वर्गात आली नव्हती. ताप आहे, असा घरून निरोप होता. बाईंनी चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. मावशी झाडूच्या कोपऱ्यातून दगड घेऊन आल्या आणि माझ्यावर ठेवले. जवळजवळ एक किलो.

"झाडताना सापडले. तिच्या खिशातलेच असणार. कमी भरू नये म्हणून," मावशी म्हणाल्या.

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. थोड्या वेळाने उठून हेडसरांच्या खोलीत गेल्या. दार उघडं होतं.

"सर, मला १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करायचाय. निशाबद्दल."

"अहो बाई, पुरावा काय आपल्याकडे? उद्या काही नाही निघालं तर? त्यांनी आपल्याला संगणक दिलाय."

"पुरावा शोधायला ती माणसं आहेत, सर. आपण नुसतं सांगायचं होतं. मी ऑक्टोबरमध्येच सांगायला हवं होतं."

हेडसरांनी रजिस्टर पुढे ओढलं. मग म्हणाले, "तिचे वडील काल संध्याकाळी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेले. तुमची सही आज घेणारच होतो. बदली झाली म्हणाले."

"कुठे?"

"ते विचारलं नाही."

बाईंनी तरीही फोन लावला. तासाभरात हेल्पलाइनच्या एक ताई आल्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं, कार्ड पाहिलं, दगड पाहिले. पोलिसांना घेऊन त्या निशाच्या घरी गेल्या. परत येऊन त्यांनी सांगितलं, दाराला कुलूप होतं. सामानाचा ट्रक सकाळीच गेला, असं शेजारणीने सांगितलं. मग हळूच म्हणाली, "रडणं ऐकू यायचं हो. पण दुसऱ्याच्या घरात कसं बोलणार?"

जाताना त्या ताईंनी बाईंना एवढंच विचारलं, "चार महिन्यांपूर्वी का नाही कळवलंत?"

शोध पुष्कळ झाला. पत्रं गेली, फोन झाले. निशा सापडली की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. एप्रिलमध्ये बाईंनी सगळ्यांची कार्डं भरली. निशाचं कार्ड त्यांनी फेकलं नाही. चौथा चौकोन रिकामा ठेवून ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

त्यानंतरच्या वर्षांत बाईंनी आणखी तीनदा तो फोन केला. दोन मुलांना वेळेवर मदत मिळाली. एकदा शंका खोटी निघाली. मुलाला खरंच आजार होता. हेडसर म्हणाले, "बघा, उगाच धावपळ." बाई म्हणाल्या, "उगाच निघाली, बरं झालं."

मित्रांनो, आता मी थकलो आहे. पण तुमच्या वर्गात कुणी उकाड्यात स्वेटर घालत असेल, हात उचलला की डोकं झाकत असेल, खिचडी लपवून नेत असेल, तर त्याला हसू नका. बाईंना सांगा. त्यांनी ऐकलं नाही तर दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगा. १०९८ हा नंबर फुकट लागतो, तुम्ही स्वतःही फिरवू शकता. आणि तुम्हालाच घरी कुणी मारत असेल, उपाशी ठेवत असेल, तर त्यात तुमची काही चूक नाही. खिशात दगड भरू नका. सांगा.

मोठ्या माणसांना माझी एक विनंती आहे. एखाद्या मुलाचा आकडा उतरला तर मला खुशाल खोटं म्हणा, दुरुस्तीलाही पाठवा. पण आधी त्या मुलाला शेजारी बसवून विचारा. मी कितीही आठवडे फळीवर बसून राहू शकतो.

निशाला तीन आठवडे नव्हते.