चौकोनात न मावलेली आजी

"जेजू! अन्सेल्मो, हे काय केलंत तुम्ही?" मिल्ड्रेड एवढ्या जोरात ओरडली, की शेजारच्या टेबलावरच्या शॅरनचा चहा खालच्या टोपलीत सांडला.

कचऱ्याच्या त्या टोपलीत चांगली चाळीसएक पानं पडली होती. महिनाभर लंच-टाइममध्ये मिल्ड्रेडनेच टाइप केलेली. आणि ती टाकणारा सफाई कामगार, म्हणजे खुद्द लेखक, बादली घेऊन समोर उभा.

अन्सेल्मोचं गाव थेट सरहद्दीवरचं. रस्त्याच्या अलीकडे पराग्वे, पलीकडे ब्राझील. घरात बाप स्पॅनिशमध्ये ओरडायचा, आई पोर्तुगीजमध्ये समजूत काढायची आणि आजी तिथल्या मूळच्या ग्वारानी भाषेत दोघांची टिंगल करायची. त्याच्या गोष्टीतली माणसंही तशीच बोलायची. चौऱ्याहत्तर साली तो सिडनीला आला. तिथल्या पॅरामॅटा भागातल्या या सरकारी ऑफिसात नऊ वर्षं फरशा पुसता पुसता त्याने अख्खं पुस्तक लिहिलं, पण ते आजवर एकाही माणसाला वाचून दाखवलं नव्हतं. आता कुठे लायब्ररीत वाचनाची संधी आली होती, आणि अर्ज आजच द्यायचा होता.

"अर्जात भाषेला एकच चौकोन आहे," तो खाली बघत म्हणाला. "म्हणून स्पॅनिश ठेवली. आई आणि आजी काढून टाकल्या."

मिल्ड्रेड टोपलीपाशी वाकली. ती स्वतः वसईची. घरी आईशी गावची बोली, ऑफिसात इंग्लिश, मैत्रिणींत हिंदी. यातलं काय काढून टाकायचं म्हणे?

"अहो, पंधरा वर्षं फॉर्म हाताळतेय मी! चौकोन पुरला नाही तर वेगळा कागद जोडतात. घरच्या बायका कचऱ्यात नाही टाकत!"

तिने पानं उचलली, रुमालाने टिपली. चौकोनात 'तीन, सोबतचा कागद पाहावा' असं टाइप केलं, आणि गोष्टीत कोण कुठल्या भाषेत बोलतं याचा कागद स्टेपल करून टाकला.

सोमवारी लायब्ररीतून फोन आला. "यातली नक्की कुठली लिहू?"

"तिन्ही," मिल्ड्रेड म्हणाली.

"नो वरीज," पलीकडची मुलगी म्हणाली. एवढंच!

शनिवारी दुपारी अकरा जण जमले. त्यात मिल्ड्रेडने ओढून आणलेला तिचा नवरा बर्नार्ड. बाप ओरडला तशी पुढची रांग हसली. आई बोलू लागली तशा दोन ब्राझिलियन नर्सेस हसल्या. मग आजीची ग्वारानी आली आणि सगळं चिडीचूप झालं. अन्सेल्मो तरी वाचत राहिला. माझंच चुकलं, उगाच शहाणपणा केला, असं मिल्ड्रेडला वाटून गेलं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतली एक म्हातारी खुदकन हसली. मग डोळे पुसत, खुर्ची धरून, मोठमोठ्याने हसत सुटली. हसता हसताच काहीतरी बोलली.

"काय म्हणते गं?" बर्नार्ड कुजबुजला.

अन्सेल्मोने चष्मा पुसला. "म्हणतात, सहा वर्षांत या भाषेत कोणी बोललंच नाही त्यांच्याशी. पुन्हा वाच म्हणतात."

त्याने आपली खुर्ची उचलली, म्हातारीच्या शेजारी नेऊन ठेवली आणि चहाचे डाग पडलेलं ते पान पहिल्यापासून वाचायला घेतलं. उरलेले दहा जण ऐकत राहिले.