विलायती बत्तासा

वऱ्हाडातल्या मालेगावच्या बाजारात बत्तासा म्हटला की हिरीबाई. लग्न असो, मारुतीचा नवस असो, बत्तासे तिच्याच कढईतले. ते तळहातावर ठेवले तर वजन लागत नाही, असं लोक म्हणत. आणि लोक विसरले तर ती स्वतः म्हणे.

म्हणून डाकबंगल्याचा खानसामा दिलावर दुकानासमोरून जाता जाता जे बोलला, ते तिला चांगलंच झोंबलं. नाताळात कुणी साहेब मडमेला घेऊन बंगल्यावर उतरणार होता.

"मडमेले विलायती बत्तासे पायजेत," दिलावर म्हणाला. "तुमच्यापेक्षा हलके असतेत, बाई. फुंकर मारली त उडतेत."

"सोडा टाकत असतीन."

"सोडा नाई त्याच्यात."

"मंग कायनं फुगतेत?"

दिलावरनं समोर मांडलेल्या देवाच्या बत्ताशांकडे पाहिलं, कान खाजवला आणि सटकला.

झालं! हिरीबाईला चैन पडेना. सोडा नाही, तरी फुगतो? पाक ढवळताना तोच विचार, गिऱ्हाइकाला पुडी बांधताना तोच विचार. दुपारी पाक करपला तेव्हा तिनं सरळ दुकानाची फळी ओढली आणि दिलावरचं घर गाठलं.

दिलावरची बायको हलिमा तिची जुनी मैत्रीण. दर ईदला हलिमा कोऱ्या, न शिजवलेल्या शेवया आणि खारका पाठवी, आणि हिरीबाई आपल्या चुलीवर खीर करून खाई. दोघींनी आपापसांत लावून घेतलेली ही सोय. त्यात कुणालाच कमीपणा वाटत नसे.

"त्याच्यात अंडं असते," हलिमानं सांगून टाकलं. "म्हून तुले कोनी सांगत नाई."

हिरीबाईनं नाक मुरडलं. मग म्हणाली, "ईदले तू मले कोऱ्या शेवया देतं. याचं कोरं काय देशीन वं?"

"कोंबडी!"

दोघी पोट धरून हसल्या. पण हसणं संपलं तरी हिरीबाई उठेना.

"मले पाह्यचं हाये. खाणार नाई, शिवणार नाई. निस्तं पाहीन."

"येडी झाली काय? कोनी पाह्यलं त उद्या तुहा बत्तासा देवापुढे कोन ठेवीन?"

हे खरंच होतं. अंड्याच्या घरात बसली असं एकदा लोकांच्या तोंडी आलं की कढई उपडी घालायची वेळ आली असती. हे हिरीबाईलाही कळत होतं. तरीही तिची नजर मागच्या अंगणाकडेच.

"दार लाव मंग," ती म्हणाली.

अंगणात दिलावर वैतागून बसला होता. सकाळचे त्याचे सगळे बत्तासे भाकरीसारखे बसले होते. त्यानं नवी अंडी फोडली, पिवळं बाजूला काढलं आणि पांढरं कल्हईच्या भांड्यात घेऊन बांबूच्या काड्यांच्या जुडीनं घुसळायला लागला. हिरीबाई नाकाला पदर लावून उंबऱ्यात उभी होती. फेस आला तशी ती खांबापाशी आली. फेस पिंजलेल्या कापसासारखा वर चढला, तेव्हा ती भांड्याशी उकिडवी बसली होती आणि पदर कधीच सुटला होता. दिलावरनं साखर ओतली, घुसळली आणि भांडं आपल्या डोक्यावर उपडं धरलं. थेंबसुद्धा पडला नाही.

"अगं माय!" हिरीबाई म्हणाली.

त्यानं भांडं खाली ठेवलं, आणि तिच्या हातानं घात केला. पाक दिसला की चिमटीत धरायचा, चोळायचा आणि बोट जिभेला लावायचं, हे तो हात जन्मभर करत आला होता. हिरीबाईला विचारायची त्याला सवयच नव्हती.

बोट जिभेवर होतं तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

हलिमा धावत जाऊन कडी नीट लागलीय का ते पाहून आली, पाण्याचा तांब्या पुढे केला. "चूळ भर. कोनी नाई पाह्यलं. मेली तरी सांगत नाई मी."

हिरीबाई घाबरली होती, अगदी रडकुंडीला आली होती. पण जिभेनं आपलं काम चोख केलं होतं.

"साखर कमी हाये," ती पुटपुटली. "आन् कणी लागते बोटाले. एकदम काहून ओतली? थोडी थोडी टाक ना बाप्पा! घाई करून राह्यला तू, म्हून बसून राह्यले तुहे."

चूळ भरून ती मागच्या गल्लीनं घरी गेली. त्या थंडीत डोक्यावरून गार पाणी घेतलं आणि देवापुढे हात जोडून मनापासून माफी मागितली.

दिवस मावळायच्या आत हलिमाची कडी पुन्हा वाजली. दारात हिरीबाई, केस ओलेच. हलिमाचा जीव उडाला. "कोनाले कळलं काय?"

"नाई. फुगले काय?"

हलिमानं ताट आणलं. पांढरेशुभ्र, मंद आचेवर वाळलेले, टोकाला शेंडी ओढलेले, चांगले टरारलेले. हिरीबाईनं हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. हलिमानं त्यावर एक ठेवला. हिरीबाईनं डोळे मिटले आणि तळहात वरखाली करून पाहिला. बराच वेळ.

"माह्यापेक्षा हलका हाये," ती शेवटी म्हणाली. हे तिनं आयुष्यात पहिल्यांदाच कबूल केलं होतं. मग बत्तासा जपून ताटात ठेवत तिनं उसासा टाकला.

"आता घरी जाऊन आनखी आंगोळ करा लागते, हलिमा."