मावशींचे सतरा प्रश्न

मी एक जुने, गोल, फिरते स्टूल आहे. तीन लोखंडी पाय, मधोमध जाड स्क्रू आणि वर काळी गादी, एवढाच माझा पसारा. "हत्ती बसला तरी मोडायचं नाही," असे सांगून कारागिराने मला दवाखान्यात पोहोचवले. हत्ती काही आला नाही. पण खोकणारे, लंगडणारे आणि सुई दिसताच पळणारे सगळे माझ्यावर बसून गेले. लहान मुले तर माझ्यावर गरगर फिरून ताप विसरत.

मित्रांनो, त्या सगळ्यांत शिवणकाम करणाऱ्या मावशी मला फार आवडत. संधिवाताने त्यांची बोटे लाकडासारखी ताठ झाली होती. कात्रीही धरवत नसे. चालू औषधाने जेमतेम गुण येत होता.

एका मंगळवारी डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, एका नव्या औषधाची चाचणी सुरू होतेय. तुम्ही भाग घेऊ शकता. पण ठरवायचं तुम्ही."

सोबत आलेला मावशींचा धाकटा भाऊ उसळला. "आमच्या ताईवर प्रयोग? ती काय पिंजऱ्यातला उंदीर आहे?"

"प्रयोगच आहे, लपवू कशाला?" बाई शांतपणे म्हणाल्या. "निम्म्या लोकांना नवं औषध, निम्म्यांना सध्याचंच. कुणाला कोणतं, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार. मलाही कळणार नाही. मळमळ होईल, यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून दर महिन्याला रक्त तपासू. गुण येईलच असं वचन देत नाही. मधेच सोडावंसं वाटलं, तर खुशाल सोडा."

"आणि नाहीच म्हटलं तर?" मावशींनी विचारले.

"तर नेहमीसारख्या येत राहा. कागद घरी न्या, वाचा, मनात येईल ते लिहून आणा."

पुढच्या मंगळवारी मावशींनी सतरा प्रश्न लिहून आणले. बाईंनी एकेकाचे उत्तर दिले. दोन प्रश्नांना "मला ठाऊक नाही" म्हणाल्या आणि तिथल्या तिथे चाचणी चालवणाऱ्यांना फोन करून विचारून घेतले. एवढे सगळे झाल्यावर मावशी म्हणाल्या, "नको. मी नाही भाग घेत."

आता बाई रागावणार, असे मला वाटले. बाई मात्र "बरं" म्हणाल्या आणि मावशींचे एकेक बोट नेहमीच्याच मायेने तपासू लागल्या. त्यापुढच्या मंगळवारीही तेच.

तेव्हा मावशी हसल्या. "द्या तो कागद, सही करते."

भाऊ बघतच राहिला. "अगं, नाही म्हणाली होतीस ना?"

"नाही म्हटल्यावर बाई कशा वागतात, ते बघायचं होतं. कापडसुद्धा मी चुरगळून बघितल्याशिवाय घेत नाही!"

वर्ष गेले. बोटे कधी थोडी सैल होत, कधी पुन्हा आखडत. चाचणी संपल्यावर कळले, की नवे औषध जास्त गुणकारी आहे, पण मावशींच्या वाट्याला जुनेच आले होते. भावाने कपाळाला हात लावला. "वर्ष फुकट गेलं!"

"फुकट कसं? जुनं कुणीतरी घेतलं, म्हणूनच नवं सरस ठरलं ना?"

मग मावशींनाही नवे औषध मिळाले. चार महिन्यांनी त्यांनी माझ्यावर बसूनच, एका दमात, सुईत दोरा ओवून दाखवला. डॉक्टरबाईंनी टाळ्या वाजवल्या!

पुढे खोलीत मऊ खुर्ची आली आणि मला बाहेर व्हरांड्यात ठेवले. सुरुवातीला मी खूप खट्टू झालो. पण वाट पाहणारी माणसे मला इथेच भेटतात. काल एक वाहनचालक काका चाचणीचे कागद घेऊन बसले होते. शेजारी मावशी होत्या.

"घेऊ का हो भाग?" काकांनी विचारले.

"ते मी कसं सांगू? प्रश्न लिहिलेत का?" असे म्हणत मावशींनी त्यांना पेन्सिल दिली.

मित्रांनो, घरातले कुणी दवाखान्यात निघाले, तर त्यांच्याजवळ बसा. त्यांच्या शंका लिहून द्या. विचारायला लाजू देऊ नका आणि सहीची घाई करू देऊ नका. काकांनी घाई केली नाही. नाव पुकारले, तरी ते मान वर न करता म्हणाले, "पुढच्याला घ्या. माझं अजून अर्धं पान बाकी आहे!"