दुकानातली काडतुसं

मर्ल कॉप आणि हार्लन आस्बी अकरा वर्षं एकाच गोष्टीवरून भांडत होते. मोंटानातल्या त्यांच्या गावाबाहेर खडीची एक जुनी खाण आहे. तिथे नेमबाजीसाठी चार लाकडी मेजं मांडलेली आहेत, आणि त्यातल्या शेवटच्या मेजावर दर शनिवारी सकाळी हे भांडण नव्याने सुरू व्हायचं. काडतुसांच्या कंपन्या आत दारू कमी भरतात का? हार्लनचं म्हणणं, भरतात, आणि डब्यावर छापलेला गोळीचा वेग ही शुद्ध थाप असते. मर्लचं म्हणणं, तसं काही नाही. कंपनी लांब नळीतून झाडून वेग मोजते, तू चार इंची रिव्हॉल्वरमधून झाडतोस, मग सेकंदाला शंभरेक फूट कमी पडणारच. दोघांनीही सत्तरी ओलांडली होती आणि दोघांनाही धड ऐकू येत नव्हतं, त्यामुळे हा वाद अख्ख्या खाणीला ऐकू जायचा. लोकांची करमणूक व्हायची.

गेल्या सप्टेंबरनंतर ती करमणूक संपली. हार्लनचा धाकटा भाऊ ॲन्सेल एल्क हरणाच्या शिकारीला डोंगरात गेला होता. मारलेलं जनावर सोलत बसला असताना ग्रिझली अस्वल त्याच्या अंगावर आलं. ॲन्सेलने कमरेचं रिव्हॉल्वर काढून चार बार टाकले. चारही लागले, पण एकही गोळी आतवर पोचली नाही. ग्रेट फॉल्सच्या इस्पितळात तो दीड दिवस जगला. मधे थोडा वेळ शुद्धीवर आला, तेव्हा बायकोला, लेनोराला, एकच वाक्य नीट बोलला.

"हार्लनला सांग, काडतुसं दुकानातली होती."

लेनोराने निरोप जसाच्या तसा पोचवला, आणि त्या दिवसापासून हार्लन पेटला. चाळीस वर्षं आस्बी घराण्यातल्या सगळ्यांची काडतुसं त्याने आपल्या गॅरेजात बसून हाताने भरली होती. वापरलेली पितळी नळकांडी घासूनपुसून, त्यात दारू तोलून भरायची, वर गोळी दाबून बसवायची. अस्वलासाठी भरायचा ती अशी सणसणीत, की झाडणाऱ्याचं मनगट दुसऱ्या दिवशीही बोलायचं. पण गेल्या उन्हाळ्यात त्याच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं. "यंदा दुकानातून घे बाबा," असं ॲन्सेलला त्यानेच सांगितलं होतं. मेलेल्या भावाचा निरोप ऐकल्यावर पहिलं हेच त्याच्या मनात आलं.

आता कंपनीला सोडायचं नाही, असं त्याने ठरवलं. ॲन्सेलने घेतली त्याच कंपनीची तीन खोकी त्याने आणली आणि वेग मोजायच्या यंत्रासमोर एकेक काडतूस झाडलं. खोक्यावर तेराशे फूट, यंत्रावर अकराशे नव्वद. त्याने कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर नम्रपणे आलं: आमची चाचणीची नळी लांब असते. म्हणजे मर्लचंच उत्तर, फक्त चांगल्या कागदावर.

"एकशेदहा फुटांनी माणूस मरत नाही, हार्लन," मर्ल म्हणाला.

"माझा मेलाय," हार्लन म्हणाला, आणि पुढचे तीन आठवडे त्याच्याशी बोलला नाही.

खरा पुरावा एकच होता, आणि तो लेनोराकडे होता. शेरीफच्या कचेरीने ॲन्सेलच्या वस्तू डिसेंबरात परत केल्या होत्या, त्यात रिव्हॉल्वर होतं आणि काडतुसांचं अर्धवट खोकंही. हार्लनने ते मागितलं तेव्हा ती म्हणाली, सापडत नाही. परत मागितलं तेव्हा म्हणाली, नदीत टाकलं. मे महिन्यात तो वकिलाकडे जायच्या गोष्टी करायला लागला, तेव्हा एका शनिवारी ती स्वतः खोकं घेऊन खाणीवर आली. सोबत रूबार्बचं आंबटगोड सारण भरून भाजलेली पाई होती आणि कागदी बश्या. या बाईला कुणाकडेही रिकाम्या हाताने जाता येत नसे.

"हार्लन, हे नको करूस," ती म्हणाली. "एवढं एक माझं ऐक."

"आता माघार नाही. त्यानेच सांगितलंय ना मला?"

"त्याने एवढंच सांगितलं, की दुकानातली होती."

"मग? तेच तर दाखवतोय जगाला."

लेनोरा डोंगरांकडे तोंड करून बाकावर बसली. वारा नेहमीसारखा सुटला होता. मर्लने यंत्राच्या तिपाईला खडीची पिशवी बांधली आणि वही उघडून साक्षीदार म्हणून बसला.

हार्लनने खोकं उलटसुलट करून पाहिलं. पिवळं खोकं, वर तेराशे फुटांची बढाई. झाकणावर एक चिकट चौकोन होता, धूळ बसून काळा पडलेला. "शेरीफच्या माणसांनी चिठ्ठी डकवली असणार," तो पुटपुटला. आत चौदा काडतुसं उरली होती. त्याने भावाच्याच रिव्हॉल्वरमध्ये पाच भरली.

पहिला बार झाला आणि हार्लनने वळून मर्लकडे पाहिलं. धक्का जवळजवळ नव्हताच.

"किती?"

"सातशे चाळीस," मर्ल म्हणाला.

"किती?"

"सात, चार, शून्य. ऐकलंस ना."

दुसरा सातशे पंचावन्न. तिसरा सातशे अडतीस. हार्लनने उरलेले दोन बारही काढले. आकडे तसलेच आले.

"बघ!" तो ओरडला. "बघ आता! निम्मा वेग! पोरांच्या खेळण्यात जास्त दम असतो. हे देऊन पाठवलं त्यांनी माझ्या भावाला अस्वलासमोर! बोल की आता. आज कुठे गेली तुझी लांब नळी?"

मर्लने टोपी काढली, परत घातली आणि रिकामं नळकांडं उचलून डोळ्यांजवळ नेलं. पितळेवर बारीक ओरखडे होते, पुन्हा पुन्हा भरलेल्या पितळेवर पडतात तसे. त्याने ते मुठीत मिटून खिशात टाकलं.

"आज एवढं पुरे," तो म्हणाला. "पाई खाऊ या."

"पाई कसली खातोस? एक फोडून दाखवतो. दारू किती चोरलीय ती वकिलाच्या टेबलावर ठेवतो."

"नको फोडूस."

"का?"

"मी सांगतो म्हणून. कधी नव्हे ते ऐक ना माझं, म्हाताऱ्या."

पण हार्लन कुणाचं ऐकण्यातला नव्हता. पेटीतून त्याने पोकळ प्लास्टिकची हातोडी काढली. तिच्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी सुटते आणि दारू हातोडीच्या पोटात सांडते. तीन ठोक्यांत गोळी सुटली. पाईसोबतच्या ढिगातली एक कोरी कागदी बशी त्याने पुढे ओढली, वाऱ्याला पाठ करून हातोडी तिच्यावर रिती केली आणि नवा चष्मा चढवून पाहायला वाकला.

कंपनीची दारू मोहरीसारखी गोल असते, त्याने तीन खोकी तपासली होती. बशीत पडल्या होत्या करड्या, चपट्या, बारीक चकत्या. त्याने चिमूट घेऊन बोटांत चोळली. ही दारू त्याला अंधारातसुद्धा ओळखता आली असती, कारण त्याच्या गॅरेजातल्या दुसऱ्या फळीवर तीस वर्षं तिचाच डबा होता.

मग त्याने खोकं पुन्हा हातात घेतलं आणि झाकणावरच्या त्या काळ्या चौकोनावर अंगठा ठेवला. टेपचा तुकडा तिथे नेमका बसला असता. त्यावर काय लिहिलेलं होतं तेही त्याला आठवलं, कारण अक्षर त्याचंच होतं: लेनोरा, हलकी.

पाच वर्षांपूर्वी लेनोरा बर्फावर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. तिला सराव करता यावा म्हणून हार्लनने चिमूटभर दारूची काडतुसं भरून दिली होती. वरची गोळी मात्र अस्वलाच्या काडतुसात असते तीच, चपट्या नाकाची, म्हणजे हाताळायची सवय मोडायला नको. आणि ठेवली होती कंपनीच्या रिकाम्या खोक्यात, कारण चांगलं खोकं टाकून देणं त्याच्या जिवावर यायचं. हाताने भरलेलं काडतूस कंपनीच्या खोक्यात कधी ठेवू नये, हे मर्लने त्याला शंभरदा सांगितलं होतं. आत्ता मर्लने त्यातला एक शब्दही काढला नाही.

"टेप मीच काढली," लेनोरा डोंगरांकडे पाहतच म्हणाली. "सुकून लोंबत होती. म्हटलं, आत काय आहे ते मला ठाऊक आहे, मग कशाला हवी? खोकं गाडीत राहिलं. तो पहाटे निघाला आणि हाताला लागलं ते घेऊन गेला. दुकानातलं खोकं नाताळात मिळालं मला, त्याच्या जाड कोटाच्या खिशात. फोडलेलंसुद्धा नव्हतं."

"आणि तू मला बोलली नाहीस."

"काय बोलू? तू भरलीस म्हणू, की मी टेप काढली म्हणू?"

हार्लन बाकाच्या कडेवर टेकला. काहीतरी जुळवत असल्यासारखे त्याचे ओठ हलत होते.

"पण त्याला तर कळलं असणार," तो शेवटी म्हणाला. "पहिल्याच बाराला. धक्काच नाही. तुझ्याबरोबर कितीदा झाडली होती त्याने ही. कुणाची आहेत, कुणी भरलीत, सगळं कळलं असणार."

"हो."

"इस्पितळात शुद्धीवर होता ना तो? नीट?"

"अगदी नीट. माझा हात धरून दोनदा म्हणाला. हार्लनला सांग, काडतुसं दुकानातली होती. सांगशील ना, म्हणाला. मी हो म्हटलं, तेव्हा कुठे हात सोडला." ती आता हार्लनकडे वळली. "मलाही तेव्हा वाटलं, कंपनीची तक्रारच करतोय. नाताळात ते खोकं हातात आलं, तेव्हा उमगलं."

आठ महिने हार्लन तो निरोप छातीशी धरून भांडत होता. भाऊ आपल्यावर न्यायाचं काम सोपवून गेला, असं त्याने धरलं होतं. अस्वलाने फाडलेल्या त्या माणसाने उरलेल्या दमात एवढी एकच काळजी केली होती, की काडतुसं आपणच भरलेली होती हे थोरल्याला कधी कळू नये. आणि थोरल्याने ती स्वतःच्या हाताने, साक्षीदार बसवून, फुकट घालवली होती. हार्लनला रडू आलं. लाज न बाळगता, नाक गळत, तो रडला.

मर्ल येऊन शेजारी बसला. त्याला शब्द सुचले ते नेहमीच्याच भांडणातले.

"हे बघ," तो म्हणाला, "तुझंच बरोबर होतं. कमीच भरतात ते चोर. लांब नळी वगैरे सगळं झूट. मी आपला तुला चिडवायला बोलायचो. दुकानातली असती तरी काही झालं नसतं, हार्लन. दुकानातली असती तरीसुद्धा."

हार्लनने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मर्लने नजर चुकवली.

"नको रे," हार्लन म्हणाला. "एकाचं खोटंच मला पेलवेना झालंय."

लेनोराने बशी उचलली आणि वाऱ्यात झटकली. मग पाई कापून तिघांपुढे ठेवली. कुणी हात लावला नाही. ऊन खाणीच्या तळाशी येईपर्यंत ते तिघं तसेच बसून होते, आणि त्या शनिवारी कुणी कुणाशी भांडलं नाही.