शांताक्का बसत नाही

साठी उलटली की नळदुर्गात माणसाला दोनच पदं मिळतात. देवळाच्या कट्ट्यावर सल्ले द्यायचं, नाहीतर सुनेच्या घरी भाजी निवडायचं. कल्याणप्पांना तिसरंच मिळालं. समाजात कुणी गेलं की पहिला फोन त्यांना.

सुरुवात त्यांच्या बायकोनं, शांताक्कानं करून दिली, स्वतः मरून.

लिंगायताचं प्रेत निजवत नाहीत. भिंतीशी मांडी घालून बसवायचं, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवायचं, आणि बसलेलंच मातीत उतरवायचं. अंग ताठायच्या आत हे उरकावं लागतं. पण एकुलती लेक राजेश्वरी तेव्हा दुबईत. तिला आईचं तोंड दिसावं म्हणून पुतण्यानं सोलापुरातून बर्फाची पेटी आणवली. पेटी निजणाऱ्यांच्या मापाची, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. भावकी मोठी असली की प्रत्येकाला वाटतं, विचार दुसऱ्यानं केला असेल. लेक आली, पेटी उघडली, तर शांताक्का फळीसारखी सरळ. चार बाप्यांनी तिच्या गुडघ्यांशी झटापट केली. शेवटी कल्याणप्पाच म्हणाले, "सोडा तिला." जन्मभर ताठ बसलेली बाई आडवी पुरली.

राजेश्वरी परत गेली त्याच दुपारी शांताक्का बाजेवर दिसली. पुढं कधी देवघरासमोर, कधी घरच्या दुकानातल्या पोत्यांवर. कुठंही असो, आडवीच, डोळे छताला लावून. एकच बोलायची, "री, बसवा की मला." सीमेकडच्या बायका नवऱ्याला 'अहो'च्या जागी 'री'च म्हणतात. कल्याणप्पा हात घालायला वाकत, तर हाताला नुसती गार चादर लागे. हे त्यांनी फक्त लेकीला फोनवर सांगितलं. तिनं डॉक्टरचा नंबर पाठवला.

मग शेजारच्या वीरप्पाची आई गेली, आणि त्या घरातही पेटीचीच चौकशी सुरू झाली. कल्याणप्पा अनवाणी आत शिरले. म्हातारी कोमट होती तोवर गुडघे दुमडले, छातीला पंचा गुंडाळून खुंटीला बांधला आणि हनुवटीला हात देऊन उभे राहिले. म्हातारी सुनेसमोर जन्मात बसली नसेल इतकी शांत बसली. देवाच्याही पाया घाईनं पडणारा वीरप्पा त्यांच्या पायाशी रेंगाळला.

तिथून जळकोट, अणदूर, उमरगा, सगळीकडून बोलावणी येऊ लागली. चहाच्या टपरीवाला बलभीम एकदा म्हणाला, "अप्पा, असं बघू नगा. माप घेतल्यागत वाटतंय."

"तुझं पोट मांडीत मावायचं न्हाय. आतापासून उतरव."

बलभीम खदखदून हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी किल्ल्याकडं फिरायला जाऊ लागला.

कल्याणप्पांना भूक लागू लागली, झोप येऊ लागली. लोकांच्या दुःखावर आपण धष्टपुष्ट होतोय, याची त्यांना लाजही वाटे. पण घराचं दार उघडताना छाती धडधडायची. आधी वाटायचं, एवढी माणसं बसवली, आता तरी ही उठून बसेल. हल्ली वाटायचं, बसली तर?

दुबईचं आटपून राजेश्वरी पुण्यात आली आणि थेट त्यांना न्यायलाच आली.

"अप्पा, मेलेल्यांच्या घरी हिंडायचं हे वय न्हाय तुमचं."

"मग कुणाचं हाय?"

तिनं त्यांची बॅग भरली. कुलूप लावताना कल्याणप्पांनी खिडकीतून पाहिलं. शांताक्का बाजेवर होती. त्यांनी किल्ली खिशात घातली, पण मुठीतून सोडली नाही.

इटकळच्या अलीकडं फोन वाजला. तिथल्याच एका घरची सासू आत्ताच गेली, बाप्ये सोलापुरात, घरात श्रीदेवी नावाची सून एकटी. राजेश्वरीनं कपाळाला आठ्या घातल्या, पण गाडी आत वळवली.

सून भेदरून कोपऱ्यात उभी होती. कल्याणप्पा लेकीला म्हणाले, "मान धर." तिनं धरली. म्हातारीचं डोकं तिच्या तळहातात जड झालं, अजून उबदार. कल्याणप्पांनी एक गुडघा दुमडला, मग दुसरा. म्हातारी भिंतीला टेकून बसली, जणू पाहुणे यायचेत.

"इतकं सोपं होतं?" राजेश्वरी म्हणाली. "माझ्यासाठी थांबला नसतात तर..."

"मान सोडू नगंस. पंचा बांधतो."

बाप्ये आल्यावर दोघं गाडीत येऊन बसले. तिनं गाडी सुरू केली नाही.

"अप्पा, आई अजून दिसती?"

"दिसती."

"पुण्याला आलात तर सुटका होईल तिच्यापासून."

"मला नगं सुटका. आधी वाटायचं, बसावी. आता भ्या वाटतं. बसली की जाईल. आन ती गेली की मी सकाळी कुणासाठी उठू? लोकांच्या घरी जातो ते तिनंच हाकलल्यागत जातो, बाय."

राजेश्वरीनं गाडी सुरू केली आणि फिरवली, नळदुर्गाच्या दिशेनं.

घर उघडल्यावर ती सवयीनं बाजेवर टेकायला गेली. कल्याणप्पा घाईनं म्हणाले, "तिथं नगं."

ती वाकल्या जागी थबकली. रिकाम्या बाजेकडं तिनं पाहिलं, वडिलांकडं पाहिलं.

"आईचे पाय कुणीकडं हायत?"

त्यांनी बोटानं दाखवलं. राजेश्वरी त्या टोकाला, कडेकडेनं बसली.