व्हर्नाची हरकत

"थांबा! ही मतपत्रिका बाजूला ठेवा. आमची हरकत आहे!" व्हर्नाच्या पक्षाचा वकील ब्रेंट जवळजवळ ओरडलाच.

व्हर्ना थिबोडो खुर्चीतून उठली. शाळेत पोरांना जेवण वाढणारी ही बाई न्यू हॅम्पशरच्या विधानसभेला उभी राहिली होती, आणि आज राजधानीत हाताने फेरमोजणी चालली होती. गठ्ठे संपले होते. हे मत धरून तिचा प्रतिस्पर्धी लाइल कटिंग एका मताने पुढे होता. जिल्ह्याचा वृद्धाश्रम बंद करायच्या बाजूने हात वर करणार, हे त्याने उघड सांगितलं होतं. त्याच वृद्धाश्रमात व्हर्नाचा नवरा अर्धांगवायूने पडून होता.

ब्रेंट तिच्या कानाशी लागला. "बघा, वर्तुळ भरलंय लाइलचं, पण तुमच्याही वर्तुळात रेघ आहे. हे मत बाद करून घेतो. मग बरोबरी! पुढचं पुढे बघू."

व्हर्ना वाकून बघू लागली. पत्रिकेत खाली एका पदाला कुणी उभंच नव्हतं. तिथे हाताने नाव लिहिलं होतं, हेझल पाइक. हेझल शाळेच्या स्वयंपाकघरातली तिची जोडीदारीण. थट्टा म्हणून लिहिलेलं. अक्षर व्हर्नाचंच.

मतदानाच्या सकाळी लाइल आणि ती आपापले फलक धरून दारात शेजारी शेजारी कुडकुडत उभे होते. "आपले बाप निवडणुकीत करायचे तसंच करू," लाइल म्हणाला होता. "मी तुला मत देतो, तू मला दे. स्वतःलाच काय मत द्यायचं, लाज वाटते!" ती हसून हो म्हणाली होती. आत गेल्यावर मात्र पेन आधी स्वतःच्याच नावावर टेकलं. मग दिलेला शब्द आठवला आणि तिने लाइलचं वर्तुळ भरलं. मेलं ते पेन!

आता नुसतं तोंड मिटून बसायचं होतं. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

"हरकत कायम ठेवायची ना?" मोजणीच्या अधिकारी बाईंनी विचारलं.

व्हर्नाने समोर पाहिलं. लाइलची नजर हेझलच्या नावावरून त्या रेघेवर येऊन खिळली होती आणि त्याचे कान लालभडक झाले होते. त्याने मान वर केलीच नाही. याने मला मत दिलेलं नाही, हे तिला लख्ख कळलं. असा संताप आला तिला!

"नाही," ती म्हणाली. "हे मत लाइलचं आहे."

"अहो, वेड लागलंय का?" ब्रेंट फिस्कारला. "मतदाराच्या मनातलं तुम्हाला काय ठाऊक?"

"ठाऊक आहे."

संध्याकाळी ती नवऱ्याच्या खाटेशी बसून त्याला सूप भरवत होती.

"जिंकलीस?" त्याने वाकड्या तोंडाने कसंबसं विचारलं.

"हरले रे. एका मताने."

"एका?" त्याचे डोळे भरून आले. "कोण गं तो करंटा?"

"असेल कुणीतरी," ती म्हणाली आणि त्याची हनुवटी पुसली. "आ कर बघू. निवतंय."