सगळं लक्ष मच्छरांकडं

देगलूरला एसटीतून उतरल्या उतरल्या विशाखानं लेकीच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि बटणं लावली.

"मम्मी, लई गरम होऊन राहिलंय."

"होऊ दे. मच्छर निघायची वेळ झाली."

महामाया नऊ वर्षांची. दोन वर्षांपासून तिला शुगर. रोज चार वेळा इन्सुलिन. गेल्या पावसाळ्यात पोटरीला मच्छर चावला, तिनं खाजवलं, आणि तेवढ्याशा फोडाची जखम भरायला सव्वा महिना लागला. तेव्हापासून विशाखाला मच्छरांची धास्तीच बसली होती. नांदेडहून निघतानाच तिनं बॅगेत मच्छरदाणी आणि क्रीमच्या दोन ट्यूब टाकल्या होत्या.

चांगुणामावशीनं नातवाच्या नामकरणाला बोलावलं होतं. तिच्या घरामागं उघडी नाली वाहत होती. ती बघून विशाखा लगेच कामाला लागली. तिनं खिडक्या लावल्या, साचलेल्या पाण्याची बादली उपडी केली, खिळे मागून घेतले आणि मच्छरदाणी बांधायला लागली.

"बस की घडीभर," मावशी म्हणाली. "आल्यापासून नुसती फिरून राहिलीस. मच्छर काय तुझ्याच लेकराला चावतात व्हय?"

"तिला चावलेलं बरं होत न्हाई ना, मावशी."

तेवढ्यात महामाया ओट्यावरून आत आली. कपाळावर घाम, तोंड उतरलेलं. विशाखा क्रीम लावायला गेली तर तिनं हात झटकला.

"नको मला! काहीच नको!"

गरम होतंय म्हणून चिडली, असं विशाखाला वाटलं. तरी तिनं शुगर तपासायचं मशीन काढलं, बोटाला सुई टोचली. आकडा आला ३७१.

"काय खाल्लंस?"

"काहीच न्हाई."

"ओट्यावर सीताफळं होती. खोटं बोलू नको."

"मी न्हाई खाल्लं! छकुलीला बिया काढून दिल्या फक्त." छकुली म्हणजे मावशीची तीन वर्षांची नात.

विशाखानं ऐकलं न ऐकलंसं केलं. पेनवर इन्सुलिनचा डोस लावला, सुईचं टोपण काढलं आणि लेकीचा हात धरला. हात गार होता, थरथरत होता. आणि तिची बोटं विशाखाच्या बोटांना चिकटत होती.

विशाखा जागीच थांबली. "मावशी, पाणी आणा! साबण पण!"

तिनं लेकीचे हात खसाखसा धुतले, पुसले आणि दुसऱ्या बोटाला सुई टोचली.

५४.

मघाचा आकडा बोटाला लागलेल्या सीताफळाच्या रसाचा होता. पोरीची शुगर तर खाली चालली होती. तो घाम, ती चिडचिड त्याचीच होती, आणि वरून विशाखा शुगर आणखी उतरवणारं इन्सुलिन देणार होती! तिनं पेन लांब ठेवलं. ग्लुकोज पाण्यात घालून ग्लास लेकीच्या तोंडाला लावला. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. धावपळीत दार उघडंच राहिलं होतं, मच्छर विशाखाच्या पायांना चावत होते. ती जागची हलली नाही. सारखी लेकीच्या तोंडाकडं आणि घड्याळाकडं बघत राहिली.

पंधरा मिनिटांनी आकडा आला ९८. मावशीनं डोळे पुसले आणि दार लावलं.

"तू मला खोटारडी म्हणलीस," महामाया म्हणाली.

"चुकलं माझं, बाळा."

विशाखानं तिचा घामेजलेला शर्ट काढून पातळ सुती कुडता घातला, हातापायांना बेतानं क्रीम लावलं. मावशीनं ताट वाढलं. ठरलेलं इन्सुलिन देऊन झालं, लेक जेवायला बसली, तरी विशाखाचा हात मशीनकडं गेलाच.

"परत एकदा बघू का?"

"मम्मी, जेवू दे ना!"